दोन वायरी, एक खांब

मंडळी, डेटा सेंटर बांधणाऱ्या आणि त्यात जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं आम्ही गेले काही महिने जमवून वाचतो आहोत. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हा उद्योग कुणी सांगितला, असं तुम्ही म्हणाल. पण या पत्रकांत ‘विश्वासार्ह’ हा शब्द दर चार ओळींनी येतो, आणि विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा हा तर आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. तेव्हा आज आम्हाला त्या शब्दामागचा हिशेब तपासायचा आहे.

डेटा सेंटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हजारो सर्व्हर ठेवलेली इमारत. तिला तीन गोष्टी अखंड लागतात: वीज, बाहेरच्या जगाशी जोडणी, आणि माणूस जागेवर नसतानाही यंत्राला हात घालता येईल अशी सोय. हे सगळं मुंबईत, ऐरोलीत नाहीतर पनवेलला असतं, आपल्याला त्याचं काय, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. मस्कासाथेतून मोठा माल ट्रकने निघायचा तर ई-वे बिल लागतं. सराफ्यातल्या दागिन्यावर सहा अक्षरांकड्यांचा हॉलमार्क क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं. हमालाची मजुरीसुद्धा यूपीआयने जाते. तिकडे कुठलं तरी यंत्र बसलं की इकडे ट्रक उभा राहतो, आणि ट्रक उभा राहिला की त्या हमालाचा दिवस जातो.

आता हिशेब. समजा, एक वीजवाहिनी वर्षातून एक टक्का वेळ बंद असते. एक टक्का म्हणजे सुमारे ८८ तास, साडेतीन दिवसांहून जास्त. मग दुसरी तशीच वाहिनी घ्यायची. दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का. म्हणजे वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं! गुणाकाराने साडेतीन दिवसांचे ५३ मिनिटं झाले. पत्रकात ९९.९९ असे आकडे येतात ते याच रस्त्याने. तिसरी वाहिनी घ्या, आणखी दोन नऊ पदरात पडतात.

गुणाकार बरोबर आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती पत्रकात लिहिलेली नसते. आपल्या नैयायिकांनी अशा न लिहिलेल्या अटीला नाव देऊन ठेवलंय: उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे टिकतं. जिथे अग्नी तिथे धूर, हे टिकत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. ‘दोन आहेत म्हणून सुरक्षित’ या अनुमानातली उपाधी अशी, की दोन्ही एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. ही अट यंत्राच्या आत तपासता येत नाही. ती रस्त्यावर, समुद्राच्या तळाशी, उपकेंद्राच्या कुंपणाआड तपासावी लागते.

लांब कशाला जायचं? आमच्या ओळखीच्या एका ठोक व्यापाऱ्याने दुकानात दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं. दर महिन्याला दोन बिलं. एका पावसाळ्यात दोन्ही एकदम गेली. वायरमन आला, वर बघितलं आणि म्हणाला, “सर, दोन्ही वायरी एकाच खांबावरून येऊन राहिल्या ना.” आमच्या वर्गात पूर्ण सत्र खर्चूनही उपाधी इतकी स्वच्छ समजत नसे.

हा खांब समुद्रातही असतो. ३० जानेवारी २००८ ला भूमध्य समुद्रात, इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ, ‘फ्लॅग’ आणि ‘सी-मी-वी ४’ या दोन केबली तुटल्या आणि भारताचं इंटरनेट मंदावलं. मालक वेगळे, करार वेगळे, समुद्राचा तळ मात्र एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ, पुन्हा तसंच झालं. युरोपकडे जाणाऱ्या केबली त्या अरुंद पट्ट्यात दाटीने टाकलेल्या आहेत, कारण तोच रस्ता जवळचा आणि स्वस्त.

आणि १२ ऑक्टोबर २०२० ची मुंबई तर तुम्हाला आठवतच असेल. सकाळी दहाच्या सुमारास शहर बंद पडलं. मुंबईकडे येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, त्यांचा भार उरलेल्यांवर पडला आणि कळवा-पडघे भागातल्या वाहिन्या गेल्या. अशा वेळी शहराला बाकीच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवायची योजना मुंबईत कित्येक वर्षांपासून होती. आयलंडिंग म्हणतात तिला. ती त्या दिवशी टिकली नाही. शहरातली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी पडली. सायबर हल्ल्याची चर्चाही पुष्कळ झाली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हाला एवढंच दिसतं, की वाहिन्या अनेक होत्या, पण एकीचं ओझं दुसरीवर पडत होतं. ज्या एकमेकींच्या ओझ्याने पडतात त्यांचा गुणाकार करता येत नाही.

चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. गुंतागुंतीच्या आणि घट्ट बांधलेल्या व्यवस्थांत अपघात अटळच असतात आणि सुरक्षेसाठी लावलेली जास्तीची साधनं गुंता वाढवतात, असा त्याचा मुद्दा. पुस्तक मोठं आहे, पण आम्हाला ते पूर्ण पटत नाही. ‘अटळ’ म्हटलं की चौकशीची फाइल बंद होते. वायरमनला जे मान वर करून दिसलं त्यात गुंतागुंत कसली, राजेहो? कुणी बघितलं नव्हतं, एवढंच.

आता तिसरी गोष्ट, दुरून व्यवस्थापन. पत्रकांत तिला शेवटचं अर्धं पान मिळतं, आणि आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर आपलं व्हॉट्सअॅप बंद पडलं, ते सुमारे सहा तास. फेसबुक कंपनीने कारण जाहीर केलं. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. अशी आज्ञा अडवणारं साधन होतं, त्यातच दोष निघाला. मग दुरुस्ती करायला इंजिनिअर दुरून आत शिरू बघतात, तर नेहमीचा रस्ता बंद आणि राखीव रस्ताही बंद. माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि आत घुसणं अवघड व्हावं म्हणूनच बांधलेल्या त्या इमारतींत शिरायला त्यांनाही वेळ लागला.

ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानावरूनच कळतं, असं मीमांसक म्हणत, ते स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणत, नाही, बाहेरून ताडा: समोर दिसलं ते पाणी खरं का, हे पिऊन तहान भागली की कळतं. हे परतःप्रामाण्य. जाळं ठीक आहे का, हे त्याच जाळ्यातून विचारणं म्हणजे मीमांसकांचा मार्ग झाला. इंजिनिअर ज्याला आउट-ऑफ-बँड म्हणतात तो न्यायमार्ग आहे: मुख्य यंत्रणेच्या पूर्ण बाहेरचा एक लहानसा, गरीब रस्ता. वेगळ्या कंपनीचा मोबाइल मोडेम, त्याला जोडलेला कन्सोल सर्व्हर, आणि अडलेल्या यंत्राची वीज दुरून बंद-चालू करणारा स्विच. वेग नको, थाट नको. नावपत्ते शोधायलाही त्याने मुख्य जाळ्याकडे जाता कामा नये, पासवर्डही तिकडून मागता कामा नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बसली. यंत्र धड सुरूच होत नाही तेव्हा त्याच्या आतलं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काय करणार? लोक एकेका यंत्रापाशी जाऊन बसले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

म्हणून आमची सूचना रोकडी आहे. नऊ किती, हे विचारू नका. शेवटचं मुद्दाम कधी बंद करून पाहिलं होतं, ते विचारा. मेन स्विच पाडला होता का? जनरेटर पूर्ण भारावर चालवला, की नुसता घरघरवला? २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका डेटा सेंटरचा जनरेटर सतराव्या मजल्यावर शाबूत होता, पण डिझेल वर चढवणारा पंप तळघरात बुडाला. माणसांनी बादल्या घेऊन जिने चढले.

आणि एक हिशेब पत्रकात मुळीच नसतो. त्या १२ ऑक्टोबरला मुंबईत लोकल थांबल्या, शेअर बाजार मात्र चालू राहिले. विश्वासार्हता अशी वाटली जाते. कुणाला मिळते, कुणाला नाही. विदर्भाला हे नवं नाही. चंद्रपूर ते पडघे ही उच्चदाब वाहिनी ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची, १९९९ पासून आपल्याकडची वीज पश्चिमेला नेते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण विदर्भात रोज कित्येक तास भारनियमन होतं, मुंबईत नव्हतं. मुंबईचं ग्राहक दर जास्त भरत होतं आणि शहराची स्वतःचीही निर्मिती होती, हेही सांगायला हवं. पण राख कोराडी-खापरखेड्याच्या शिवारात पडली ती पडलीच.

उद्या मिहानमध्ये मोठं डेटा सेंटर आलं तर आपण खूश होऊ, व्हावंही. फक्त त्याची वीज कुठल्या उपकेंद्रातून येणार, आणि टंचाईच्या दिवशी त्याच उपकेंद्रावरच्या वस्तीचा फीडर आधी बंद होणार की नंतर, हे करारातल्या कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा, असं म्हणणारे चार लोक सुनावणीत बसलेले हवेत. असो, वेळ झाली. तुमचे प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेपासून फिरवा.