गुण लिहिले, पाणी कोण लिहिणार?

महाड-पोलादपूर भागातल्या वाड्यांवरच्या जुन्या कबड्डी संघांचा इतिहास लिहावा, म्हणून मी गेली दोन वर्षे जुन्या खेळाडूंना भेटतो आहे. लेखी साधन फार थोडे. महाडच्या बाजूला जी काही प्रशस्तिपत्रे, तसबिरी घराघरांतून होत्या, त्यांतल्या पुष्कळशा जुलै २०२१ च्या महापुरात गेल्या. उरली ती माणसांची आठवण.

आपल्याकडच्या स्मरणिका चाळून पाहा. कोणी किती करंडक आणले, अंतिम सामना किती गुणांनी मारला, बक्षीस समारंभाला पाहुणे कोण होते, एवढेच त्यांत सापडते. खेळाडूच्या शरीराला या समाजाने जात चिकटवली आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. फक्त ते लिहायचे नसते.

मीही प्रथम ढोबळच प्रश्न विचारला : तेव्हा जातपात पाळत का? उत्तर सगळीकडे एकच. "खेळात कसली जात? आम्ही सगळे एक." मग एका बौद्धवाडीत मी प्रश्न बदलला. सामना संपल्यावर पाणी कुठे प्यायलात? म्हातारबाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचं पाणी आम्हीच घरनं न्यायचो." ही गोष्ट १९६०च्या दशकातली, म्हणजे धर्मांतरानंतरची.

कबड्डी हा शिवण्याचा खेळ आहे. चढाई करायची ती गड्याला शिवून गुण घेण्यासाठी, आणि अंगाला भिडल्यावाचून पकड नाही. रेषेच्या आत ज्याची मांडी कवेत घ्यायची, रेषेबाहेर त्याच्या हातचा तांब्या चालत नाही! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच महाडात. त्या पाण्याचा हायकोर्टातला निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. गावोगावच्या मैदानांवरचा निकाल तर कोणी लिहूनही ठेवला नाही.

लिहून ठेवले की काय होते, याचे उदाहरण पळवणकर बंधूंचे आहे. चांभार कुटुंबातले विठ्ठल पळवणकर १९२३ साली हिंदूंच्या क्रिकेट संघाचे कप्तान झाले. १९४८ साली त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. रामचंद्र गुहा यांनी २००२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या घराण्याची कहाणी मांडली, तेव्हा त्यांना या मराठी पुस्तकाचा आधार मिळाला. विठ्ठलचे थोरले बंधू बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, हे धावफलक सांगतो. पुण्यात त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे, हे धावफलक सांगत नाही.

पण दोष केवळ प्रस्थापितांच्या माथी मारून आपण सुटत नाही. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, त्यांना ११,२२५. त्यांची ती राजकीय बाजू मला पटत नाही. परंतु तेवढ्यावरून आपण हा माणूस निकालात काढला आणि त्याची गोलंदाजी वाचायचीच राहिली. आपल्या लेखनात दलित खेळाडू येतो तो अपमानाचा साक्षीदार म्हणून. त्याचे कसब कुठे येते?

त्या म्हातारबाबांनी निघताना मला हेच सुनावले. "पाण्याचं लिवा. पण माझी चढाई कशी होती, ता पण लिवा." आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस अंगणात उभा राहून, कोपऱ्यातल्या गड्याला कसा चकवायचा ते पाय टाकून दाखवू लागला. मी फक्त पाण्याचेच टिपून घेतले होते. मला शरम वाटली.

विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आपापल्या तालुक्यात हे काम हाती घ्यावे. ही माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना दोन्ही प्रश्न विचारा : पाणी कुठे प्यायलात, आणि खेळायचात कसे? यांतला एकच विचारून लिहिलेला इतिहास, मग तो त्यांचा असो की आपला, अर्धाच राहील.