लग्नापूर्वीचे संपूर्ण नाव

२०२४ च्या जुलैत मी पंधरा दिवस पुसेगावला घरी होते. दिवसा लॅपटॉपवर कंपनीचं काम आणि संध्याकाळी ओट्यावर 'लाडकी बहीण'चे फॉर्म. गल्लीत स्मार्टफोन बऱ्याच जणींकडे आहे, पण फोटो अपलोड करणं, ओटीपी येईपर्यंत दम धरणं ही कामं 'इंजिनिअर पोरी'ची. सेतू केंद्रावर रांग होती, आमच्याकडे चहा होता. रोज सात-आठ बायका यायच्या.

त्या फॉर्ममध्ये महिलेचं लग्नापूर्वीचं संपूर्ण नाव आणि लग्नानंतरचं संपूर्ण नाव असे दोन वेगळे रकाने होते. लग्नानंतरचं पटकन भरून व्हायचं, आधार कार्डावर बघून टाईप केलं की झालं. गाडी अडायची ती लग्नापूर्वीच्या नावावर. एक काकू हसायलाच लागल्या, "ते काहून पाहिजे आता?" दुसरीने वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि स्वतःचं नाव सांगायची वेळ आली तशी इकडेतिकडे पाहिलं. लग्नात तिचं नाव बदललं होतं. जुन्या नावाने हाक मारणारा भाऊ वारल्याला चार वर्षं झाली होती. तिने ते नाव इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

तो रकाना कागद जुळवायला केलेला असणार, त्यामागे कुणाचा स्त्रीवादी विचार असेल असं वाटत नाही. तरी आडनावाच्या विषयावर गेल्या काही वर्षांत मी मराठीत जे वाचलं, त्यात मला तोच मजकूर सगळ्यात नेमका वाटला.

पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय निघाला की पुढचं सगळं मला पाठ आहे. लग्नानंतर आडनाव बदलावं असं आपला कोणताही कायदा म्हणत नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. मग पासपोर्ट, व्हिसा, मुलांची शाळा. मग 'एवढं काय त्यात, प्रेम असलं की झालं.' आणि शेवटी कोणीतरी, बहुतेक वेळा एखादा मुलगाच, हुकमाचा पत्ता टाकतो: "माहेरचं आडनाव तरी कुठे तुझं आहे? तेही बापाचंच ना?" यावर सगळ्याजणी गप्प. मीही बरीच वर्षं गप्प बसले. या लेखात मला त्या एका वाक्याशी भांडायचं आहे, आणि सोबतीला मराठीतल्या काही बायकांना बोलावलं आहे.

पण त्याआधी, आपण आडनावावर भांडत बसतो आणि खुद्द नाव हातातून निसटतं, त्याबद्दल. कल्याणच्या यमुना जोशीचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी. म्हणजे आपल्या कँटीनच्या हिशेबाने तिचं काहीच बदललं नाही. पण यमुनाची आनंदी झाली, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टरकीची पदवी घेतली ती आनंदीबाई जोशींनी. श्री. ज. जोशींनी १९६८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली, तिचं नाव 'आनंदी गोपाळ'. शीर्षकातला पहिला शब्द सासरी मिळालेला, दुसरा शब्द नवरा. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच होत्या, यमुना कुर्लेकर. त्या काळातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या मराठी बायका, दोघी यमुना, आणि आपण दोघींनाही यमुना म्हणून ओळखत नाही.

ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिण्याचा विधी अजून होतो. फोटोग्राफरला तो फार आवडतो. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्याने नवऱ्याला तेच नाव तीनदा लिहायला लावलं, लाईट नीट येत नव्हता म्हणून.

आता लक्ष्मीबाई टिळक. माझ्या बाजूने भांडायला मी त्यांना बोलावलं आणि त्यांनी माझीच अडचण केली. मनकर्णिका गोखले, लाडाने मनू. लग्नानंतर लक्ष्मी टिळक. म्हणजे नाव, आडनाव सगळं गेलं. माझ्या सिद्धांताप्रमाणे ही बाई पुसली जायला हवी. पण 'स्मृतिचित्रे' (ते १९३४ पासून भागाभागाने आलं) कुठूनही उघडा, पुसलं जाण्याची खूणही दिसत नाही. त्यात एक गंमत आहे, माझ्या लक्षात ती दुसऱ्या वाचनात आली. लक्ष्मीबाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळकांनी पैसे वाटून टाकले. म्हणजे ज्या आडनावाने त्या मुखपृष्ठावर आहेत, ते पुस्तकाच्या आत त्यांनी त्याच्याकडेच ठेवलंय. स्वतःसाठी त्यांच्याकडे 'मी' आहे, आणि तो 'मी' इतका जिवंत आहे की त्याला आडनावाची गरज पडत नाही.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घ्यायचं तर उखाण्यात गुंडाळून घ्यायचं, अशी रीत असलेल्या समाजात तेच नाव बाईच्या नावाच्या मधोमध लिहायची सक्तीही असावी, हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय. लक्ष्मीबाईंनी ते आडनाव हाक मारण्यासाठी वापरून टाकलं.

रखमाबाईंच्या वेळी तर आडनाव हा मुद्दाच नव्हता. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, हे १८८४ पासून चार वर्षं गाजलेल्या खटल्याचं नाव. नवऱ्याच्या नावापुढे त्याचा बाप आहे, तिच्या नावापुढे काहीच नाही. वर्तमानपत्रात पत्रं लिहिली तेव्हा तिने सही केली 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची. नांदायला जाणार नाही म्हणणाऱ्या बाईने कुठलं आडनाव लावायचं, याचं उत्तर तेव्हाच्या कागदांकडे नव्हतं.

आणि मग ताराबाई शिंदे. आमच्या हिंगोलीला लागून वाशिम, त्याच्या पलीकडे बुलडाणा. तिथल्या सरकारी कचेरीत काम करणारे बापूजी हरी शिंदे यांची ही मुलगी. तिचं लग्न झालं, पण नवरा घरजावई आला. १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं गेलं ते ताराबाई शिंदे या नावाने, बापाच्या आडनावाने. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी सरसकट बायकांना नीतीचे धडे दिले, त्याचा राग हे त्या पुस्तकाचं निमित्त. पण ताराबाई तिथे थांबत नाहीत. त्या काळच्या कथा-नाटकांत बाई कशी रंगवली जाते तेही त्या उलगडून दाखवतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बुलडाण्यात बसून त्या चक्क समीक्षा करत होत्या. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणेपर्यंत.

कँटीनमधल्या मुलाचं ऐकायचं तर 'शिंदे' हे बापूजींचं. बरोबर आहे. पण बापूजींना तरी ते कुठून मिळालं? त्यांच्या बापाकडूनच. जगातल्या बहुतेक पुरुषांचं आडनाव बापाचंच असतं आणि त्यांना कोणी म्हणत नाही, 'हे तुझं नाहीच, मग बदललं तर काय बिघडलं?' तो ते शाळेत लावतो, पाटीवर लावतो, शिव्या खातो, कर्ज काढतो, आणि वापरता वापरता ते त्याचं होऊन जातं. ही वापराची मुदत फक्त बाईच्या बाबतीत लग्नाच्या दिवशी का संपते? आज 'शिंदे' आणि 'स्त्रीपुरुष तुलना' हे शब्द शेजारी आले की त्यात बापूजी कुठेच नसतात.

याच न्यायाने टिळक हे आडनाव लक्ष्मीबाईंचंही झालं, हे मला मान्य करावं लागतं. माझ्या आईने तीस वर्षं जे आडनाव लावलं ते तिचं आहे. तिने आता माहेरचं लावावं असं मी तिला सांगायला गेले तर ती लाटणं घेऊन मागे लागेल, आणि ते योग्यच होईल.

आमच्याकडे नर्सी जवळ, नामदेवांचं गाव. आणि नामदेव म्हटलं की जनाबाई आल्याच, गोदाकाठच्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरची ही दासी अभंगाच्या शेवटी स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. सोयराबाई चोखोबांच्या नावाने आणि जातीच्या नावाने सही करते, 'चोख्याची महारी'. शाळेत असताना मला याचा राग यायचा. स्वतःचं काही नाहीच का यांना? आता वाटतं, मी सही वाचत होते आणि अभंग वाचायचे राहत होते. जनीचा विठोबा तिच्यासोबत दळायला बसतो, तिच्या शिव्या खातो. तो नामदेवांच्या अभंगात शोधून सापडत नाही. तरीसुद्धा सही तशीच का करावी लागली, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आवाज स्वतःचा असला की नाव कोणाचंही चालतं, असा निष्कर्ष काढायला काही लोक टपलेले असतात, म्हणून हे लिहून ठेवते. सगळ्याजणी जनी नसतात. ओट्यावर आलेल्या त्या काकूंकडे अभंगांची गाथा नव्हती. त्यांच्याकडे फक्त ते नाव होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव आलंच पाहिजे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. पेपरांनी मोठ्या बातम्या केल्या, स्टेटसवर फुलं पडली. चांगलाच निर्णय आहे. पण आम्हाला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट शेवटपर्यंत वाचायची सवय असते. पुढे विवाहित स्त्रियांबद्दल लिहिलंय: तिचं नाव, नंतर पतीचं नाव आणि आडनाव, ही सध्याची पद्धत सुरू राहील. आणि मिळकतीच्या दस्तऐवजात तिला लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा असेल. म्हणजे आईचं नाव बाळाला मिळालं, पण आईच्या नावात तिची आई आली नाही. आणि 'मुभा' हा शब्द पाहा. जिथे मुभा लागते तिथे नियम दुसराच असतो.

मिळकतीचा उल्लेख मात्र शहाणपणाचा आहे, कारण आमच्याकडे बाईचं जुनं नाव जिवंत राहतं ते सातबाऱ्यावर. भावांच्या रांगेत बहिणीचं नाव लागतं आणि बहुतेक वेळा हक्कसोडपत्र करून एक दिवस ते निघतंही. दुसरी जागा जातीचा दाखला. तो वडिलांकडच्या कागदांवरूनच मिळतो. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभी राहणारी बाई दाखल्यावर एक असते, मतदार यादीत दुसरी आणि प्रचाराच्या बॅनरवर तिसरीच, 'सौ.' लावून, नवऱ्याच्या फोटोशेजारी. शहरात आडनाव ठेवणं ही ओळखीची गोष्ट असेल. इथे दोन नावांची बाई एकच आहे हे पटवण्यात दोन दिवसांची मजुरी जाते.

आम्ही डेटाबेसमध्ये नावाला कधीच की करत नाही. नाव बदलतं, स्पेलिंग चुकतं, म्हणून प्रत्येक माणसाला एक नंबर द्यायचा. देशाने तोही दिला, तरी काउंटरवर नावच जुळवून बघतात. उलट गिटमध्ये तुम्ही २०१९ साली केलेलं कमिट त्या दिवशीच्या नावानेच राहतं. माझं पहिलं कमिट अगदी टुकार आहे, पण त्यावर माझं नाव आहे.

कागदांच्या बाहेर मात्र आमची गल्ली वेगळंच करते. सुनांना ती माहेरच्या गावावरून ओळखते: औंढ्याची, जिंतूरची, सेनगावची. चाळीस वर्षं झाली तरी जिंतूरची ही जिंतूरचीच. यात माया किती आणि 'तू बाहेरची' हे किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आजी पासष्टीच्या पुढे गेलेली, त्यामुळे ती योजनेत बसत नव्हती. तरी सगळे गेल्यावर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "माहा बी भर." मी सांगितलं, वयात बसत नाही. "पैशासाठी न्हाई म्हणत. ते वरचं नाव भरून दाव." तिने सांगितलं, मी टाईप केलं. चष्मा लावून तिने ते बराच वेळ पाहिलं. तिचं ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहू का विचारलं तर म्हणाली, "पेपरात नको देऊ, लोक हसतेत." म्हणून लिहीत नाही.

माझं लग्न येत्या वैशाखात आहे. आडनाव बदलणार नाही हे त्याला मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, त्याची हरकत नाही. त्याच्या आईची आहे, आणि त्या भांडत नाहीत, फक्त "बरं" म्हणतात, हे जास्त अवघड आहे. परवा त्यांच्याकडून पत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. 'चि. सौ. कां.'च्या पुढे माझं नाव बरोबर आहे, आडनावही माझंच. वडिलांच्या नावाआधी आईचं नाव घालायला मी सांगितलं होतं, तिथे छापणाऱ्याने दोन टिंबं सोडलीत. त्याने कळवलंय की मुलीच्या आईचं माहेरचं घ्यायचं की सासरचं, ते सांगा. आईला विचारलं. ती म्हणाली, "थांब, बघते," आणि भाजी चिरत बसली. अजून सांगितलेलं नाही.