शब्बाथ आणि वेशीतला उपरा : यहूदीतर विश्वासीयांच्या शब्बाथ-पालनविषयक वादाची चिकित्सा

ख्रिस्ती धर्मविचारात काही वाद असे आहेत, की प्रत्येक पक्ष त्यांचा निकाल लागल्याचे जाहीर करतो आणि तरीही ते संपत नाहीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा शब्बाथ यहूदी नसलेल्या, परंतु येशूवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने पाळावा काय, आणि पाळावयाचा झाल्यास कसा, हा त्यांपैकी एक वाद होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला अभ्यासाचे अधिष्ठान देणारे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. सॅम्युएल बाकिओक्की यांचा ‘फ्रॉम सॅबथ टू संडे’ (१९७७) हा पहिला, आणि डी. ए. कार्सन यांनी संपादित केलेला ‘फ्रॉम सॅबथ टू लॉर्ड्‌स डे’ (१९८२) हा दुसरा. दोहोंचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. तथापि एक गृहीतक दोहोंत समान आढळते. शब्बाथ ही मुख्यतः पाळणाऱ्याची, म्हणजे विश्वासी व्यक्तीची आणि तिच्या देवाशी असलेल्या नात्याची बाब आहे, असे दोन्हीकडे धरून चालले आहे. मूळ आज्ञेचा मजकूर मात्र परक्या माणसाला शब्बाथ पाळणारा म्हणून नव्हे, तर विसावा मिळणारा म्हणून ओळखतो. या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षामुळेच वाद ‘कोणता वार?’ या प्रश्नाभोवती फिरत राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बाकिओक्की हे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे अभ्यासक. हा पंथ शनिवार पाळतो. त्यांनी आपले संशोधन रोममधील ग्रेगोरियन या कॅथलिक विद्यापीठात केले, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या वाट्याला आलेल्या कुतूहलाचे एक कारण होती. रविवारची उपासना यरुशलेमच्या आद्य मंडळीत सुरू झाली नाही. ती दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळात (इ. स. ११७ ते १३८) रोममध्ये सुरू झाली. यहूद्यांविरुद्धच्या दडपशाहीमुळे ख्रिस्ती लोकांना आपण यहूदी नाही हे दाखविण्याची निकड भासली, आणि सूर्योपासनेच्या प्रभावामुळे रविवार सोयीचा ठरला. हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

या मांडणीतील एक भाग नाकारता येत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखनात शब्बाथाविषयीचा सूर पालटतो. जस्टिनच्या त्रिफोशी झालेल्या संवादात तर शब्बाथ ही यहूद्यांच्या हट्टीपणामुळे त्यांच्यावर लादलेली गोष्ट ठरते. द्वेषातून धर्मशास्त्र कसे घडते, हे बाकिओक्की यांनी निर्भीडपणे दाखविले. परंतु रोमने रविवार सुरू केला आणि इतरांनी तो स्वीकारला, हा निष्कर्ष पुराव्याला पेलत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वल्हांडणाच्या तिथीवरून रोमचा बिशप व्हिक्टर आणि आशिया प्रांतातील मंडळ्या यांच्यात तीव्र वाद झाला, आणि आशियातील मंडळ्यांनी रोमचे म्हणणे मानले नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या सणाबाबत रोमचे चालले नाही, तर दर आठवड्याला येणारा दिवस रोमने सर्वत्र विनातक्रार बदलून घेतला, हे कसे मानावे? कार्सन यांच्या ग्रंथात रिचर्ड बॉकम यांनी या पूर्वपक्षाची केलेली तपासणी आजही त्या ग्रंथाचा सर्वांत भक्कम भाग वाटते.

कार्सन-संपादित ग्रंथाचा निष्कर्ष असा, की रविवार हा ‘स्थलांतरित शब्बाथ’ नाही. नव्या करारात शब्बाथाची आज्ञा यहूदीतरांवर लादलेली नाही, आणि रविवारकडेही ती वर्ग केलेली नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल दिवस मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखीच मोकळीक देतो. कलस्सैकरांस पत्रात सण, अमावस्या आणि शब्बाथ यांवरून कोणी कोणाचा न्याय करू नये असे म्हटले आहे. या उताऱ्यांतून शब्बाथाची सक्ती काढणे अवघड आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. अडचण पुढे येते. आज्ञा बंधनकारक नाही असे ठरल्यावर शब्बाथाचे उरते काय? या ग्रंथात ते ख्रिस्तामध्ये लाभणाऱ्या तारणरूपी विसाव्यात विलीन होते. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा त्याला आधार आहेच. परंतु अशा रीतीने विसावा आत्म्याकडे गेला, की ज्याची पाठ दुखते तो मनुष्य चर्चेतून अलगद निसटतो.

तो मनुष्य मूळ मजकुरात ठळकपणे उभा आहे. निर्गम ग्रंथातील दशाज्ञांत काम न करणाऱ्यांची गणना आहे. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि वेशीच्या आत राहणारा उपरा. मूळ इब्री शब्द ‘गेर’. दुसऱ्यांच्या भूमीवर आश्रयाने राहणारा, जमीन आणि कुळाचा आधार नसलेला मनुष्य असा त्याचा अर्थ आहे. मराठी वाचकाला ‘उपरा’ या शब्दाची धार लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनापासून (१९८०) वेगळी सांगावी लागत नाही. या उपऱ्याला शब्बाथ पाळण्याचा उपदेश केलेला नाही. घरधन्याला आज्ञा आहे, आणि उपऱ्याला तिचा लाभ आहे. अनुवाद ग्रंथातील पाठात तर कारणच बदलते. तेथे सृष्टीच्या निर्मितीऐवजी मिसर देशातील दास्याचे स्मरण दिले आहे, आणि दासदासींना घरधन्याप्रमाणेच विसावा मिळावा असा हेतू स्पष्ट केला आहे.

याहून लक्षणीय पुरावा निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तेथे बैल आणि गाढव यांना विसावा मिळावा, आणि दासीचा पुत्र व उपरा यांना हुशारी यावी, असे सांगताना जे क्रियापद योजले आहे ते ‘नेफेश’ या शब्दाच्या धातूपासून आलेले आहे. नेफेश म्हणजे श्वास, जीव. मराठीत त्याला ‘जिवात जीव येणे’ याहून जवळचा प्रयोग सापडणार नाही. हे क्रियापद संपूर्ण इब्री बायबलमध्ये केवळ तीनदा येते. एकदा अबशालोमच्या बंडामुळे पळ काढलेल्या, थकलेल्या दावीद राजाविषयी. एकदा निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात, सहा दिवसांच्या निर्मितीनंतर विसावलेल्या प्रत्यक्ष देवाविषयी. आणि एकदा दासीच्या पोराविषयी व उपऱ्याविषयी. देवाच्या विसाव्याचा शब्द समाजाच्या तळाशी असलेल्या माणसांसाठी वापरला जातो, ही गोष्ट यहूदीतरांच्या शब्बाथाविषयीच्या चर्चेत आरंभीच यावयास हवी होती. ती बहुधा तळटीपेत जाते.

यहूदी परंपरेची या प्रश्नावरील भूमिका ख्रिस्ती पक्षांनी क्वचितच ऐकून घेतली आहे. त्याच एकतिसाव्या अध्यायात शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यातील खूण म्हटली आहे. खूण दुसऱ्याने उचलावयाची नसते. तालमूदच्या सन्हेद्रिन या भागात शब्बाथ पाळणारा परराष्ट्रीय प्राणदंडास पात्र ठरतो असे अतिकठोर मत रेश लाकिशच्या नावे नोंदलेले आहे. पुढे बाराव्या शतकात मैमोनिडीसने प्रत्यक्ष प्राणदंडाचे कलम बाजूला ठेवले. परराष्ट्रीयाने मनाने नवे धर्मविधी निर्माण करू नयेत, एकतर पूर्णपणे यहूदी व्हावे किंवा आपल्या नियमांत राहावे, असे त्याने म्हटले. दुसऱ्या बाजूला यशयाचा छप्पन्नावा अध्याय शब्बाथ पाळणाऱ्या परदेशीयाला देवाच्या पवित्र पर्वतावर आनंदाची जागा देतो. मात्र तेथे तो कराराला धरून राहणारा आहे. म्हणजे परक्याने शब्बाथाचा विसावा घ्यावा याविषयी परंपरेत दुमत नाही. त्याने ती खूण मिरवावी काय, याविषयी आहे. आज शनिवार पाळू इच्छिणाऱ्या यहूदीतर मंडळ्यांनी हा आक्षेप केवळ ‘जुन्या कराराची संकुचितता’ म्हणून झटकून टाकणे बरे नव्हे. दुसऱ्याच्या घरातील दिवा उचलून आणताना निदान विचारून आणावा.

प्रेषितांच्या काळात हा प्रश्न जसा उभा राहिला, त्यातही श्रमाचा पदर होता. यरुशलेमच्या सभेने (सुमारे इ. स. ४९) यहूदीतर विश्वासीयांवर चार गोष्टींपुरतीच बंधने घातली. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेले प्राणी आणि व्यभिचार. सुंता वगळली. शब्बाथाचा उल्लेखच नाही. शनिवारवादी म्हणतात, तो गृहीतच होता, म्हणून उल्लेख नाही. विरोधक म्हणतात, तो आवश्यक नव्हता, म्हणून नाही. मौनावरून दोन्ही बाजूंना हवे ते सिद्ध करता येते आणि केलेही जाते. परंतु एक सामाजिक वास्तव दोघांच्याही हिशेबात बसावयास हवे. रोमन जगात साप्ताहिक सुट्टी नव्हती. पौलाच्या मंडळ्यांत दास होते. मूर्तिपूजक धन्याच्या घरातील दासाला सातव्या दिवशी काम थांबविणे त्याच्या हाती नव्हते. शब्बाथाची अट घातली असती, तर ती पाळण्याची ऐपत स्वतंत्र माणसालाच असती. पौलाने दिवसाचा प्रश्न प्रत्येकाच्या मनावर सोडला, त्यामागे हे कारण असावे, असे अनुमान करता येते. ते अनुमानच आहे, परंतु बिथिनियाचा प्रांताधिपती प्लिनी याने सुमारे ११२ साली सम्राट त्राजनला लिहिलेले पत्र त्याला बळ देते. ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमत, असे तो कळवितो. अधिक माहितीसाठी त्याने ज्यांचा छळ केला, त्यांत मंडळीत सेविका म्हणविल्या जाणाऱ्या दोन दासी होत्या. उजाडण्यापूर्वी जमणारी मंडळी ही सुट्टी असणाऱ्यांची मंडळी दिसत नाही.

सुट्टी आली ती ३२१ साली, कॉन्स्टंटाइनच्या फर्मानाने. न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी सूर्याच्या दिवशी विसावा घ्यावा. शेतीची कामे मात्र चालू ठेवण्यास मोकळीक. पेरणीची वेळ टळू नये हे कारण व्यवहार्य होते. तरी निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही थांबावे असे मुद्दाम बजावले आहे, त्याच्या हे नेमके उलट जाते. लावदिकीयाच्या धर्मसभेने चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांना शनिवारी विसावा घेण्यास मनाई केली आणि त्या दिवशी काम करावे असे फर्मावले. मनाई करावी लागली, याचाच अर्थ पुष्कळ यहूदीतर ख्रिस्ती अद्याप शनिवार पाळत होते. इथिओपियात तर १४५० साली सम्राट झारा याकोबच्या काळात दोन्ही दिवस मान्य झाले. इंग्लंडातील प्युरिटनांनी रविवारलाच शब्बाथ म्हटले व त्यावर अनेक निर्बंध घातले. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

मराठी भूमीशी या प्रश्नाचा संबंध आहे, आणि तो ख्रिस्ती मिशनांहून जुना आहे. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्या नावात पंथ नाही, सिद्धान्त नाही, ग्रंथ नाही. बंद घाण्याची नोंद मात्र आहे. घाणा थांबला म्हणजे बैलही थांबला. आज्ञेतील बैलाचा उल्लेख कोकणात असा शब्दशः खरा झाला, आणि तो यहूदी नसलेल्यांनी पाहिला. पुढे मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टीची मागणी केली ती ख्रिस्ती मंडळ्यांनी नव्हे, तर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सादर केला, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे कामगार यहूदी नव्हते, आणि बहुसंख्य ख्रिस्तीही नव्हते. निर्गमच्या भाषेत ते वेशीच्या आतले उपरे होते. शब्बाथाच्या आज्ञेतील त्यांचा वाटा त्यांना मिळाला, पण ज्यांच्याकडे आज्ञा होती त्यांच्याकडून आपण होऊन नव्हे.

तेव्हा यहूदीतर विश्वासीयाने शब्बाथ पाळावा काय? नव्या करारातून त्याच्यावर शनिवारची सक्ती सिद्ध होत नाही. रविवारला शब्बाथाचे नाव देऊन त्याची सक्ती करणे तर अधिकच दुबळे आहे. जो स्वेच्छेने शनिवार पाळतो त्याला पौलाने मोकळीक दिली आहे, आणि यहूदी परंपरेच्या आक्षेपाचा मान राखून त्याने तो पाळावा. परंतु आज्ञेचा जो भाग इस्राएलची खूण नसून परक्याचा हक्क आहे, तो मात्र कोणत्याही वारावर अवलंबून नाही. त्यातून यहूदीतराला सुटका नाही, कारण त्या भागाचा मूळ धनी तोच आहे.

‘कसे’ या प्रश्नाकडे वळल्यास मिश्नाहचा एक नियम मार्गदर्शक ठरतो. शब्बाथाच्या दिवशी परराष्ट्रीयाने स्वतःसाठी दिवा लावला असेल, तर यहूद्याने त्याच्या उजेडाचा लाभ घ्यावा. यहूद्यासाठी लावला असेल, तर घेऊ नये. दिवा तोच, उजेड तोच, पण श्रम कोणासाठी झाले हे विचारले जाते. यहूदी घरांत शब्बाथाचे जेवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शिजवून ठेवतात, त्यामागेही चूल कोणाकडून तरी पेटवून घेण्याची गरजच राहू नये अशी व्यवस्था आहे. रविवार पाळणाऱ्या ख्रिस्ती घरांत अशी पूर्वतयारी रूढ झाली नाही. उपासनेहून परतल्यावर गरम जेवण हवे असते, आणि ते घरातील स्त्री किंवा कामाला येणारी बाई रांधते. दशाज्ञांतील त्या गणनेत मुलगी आहे, दासी आहे, बैलही आहे, पण पत्नीचा स्वतंत्र निर्देश नाही. ‘तू’ या संबोधनात तीही आलीच, असे भाष्यकार सांगतात. तसे असेल, तर चुलीपाशी उभी असलेली ती आज्ञा मोडीत आहे की तिच्याकडून मोडवून घेतली जात आहे, या प्रश्नाचे उत्तर बाकिओक्की यांच्या ग्रंथात नाही आणि कार्सन यांच्याही नाही.