नेत्सुकेतील प्राणी : संकेत आणि आकार

'नेत्सुके' या जपानी शब्दात 'ने' म्हणजे मूळ आणि 'त्सुके' म्हणजे जोडणे, अशी दोन पदे आहेत. किमोनोस खिसे नसल्यामुळे एदो काळातील (१६०३–१८६८) पुरुष तंबाखूची चंची किंवा औषधांची डबी दोरीने कमरपट्ट्यास अडकवीत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकास बसवलेली कोरीव गुंडी ती नेत्सुके होय. हस्तिदंतात किंवा त्सुगे नावाच्या घट्ट कणीच्या लाकडात कोरलेली ही वस्तू बहुधा ३ ते ५ सेंटिमीटरांपेक्षा मोठी नसते.

या वस्तूंवरील प्राण्यांविषयीचे बरेचसे लेखन कोशकाराच्या पद्धतीने केलेले असते. उंदीर म्हणजे धनदेवता दाइकोकु याचा सेवक, ससा म्हणजे चंद्र, बैल म्हणजे द्वादशवर्षचक्रातील दुसरे वर्ष. ही माहिती खोटी नाही. मात्र ती चित्रांतील उंदरास आणि तलवारीच्या मुठीवरील उंदरासही तितकीच लागू पडते. नेत्सुकेतील उंदीर अंगाचा गोळा करून, शेपटी पोटाखाली घेऊनच का बसतो, याचे उत्तर तीत नाही.

ते उत्तर वापरात आहे. टोकदार अवयव वस्त्रात अडकतो आणि प्रथम तोच मोडतो. म्हणून सशाचे कान पाठीवर निजतात, बैल पाय दुमडून बसतो. दोरीसाठी दोन छिद्रे हवीत, आणि ती अशा ठिकाणी हवीत की लटकताना प्राण्याचे मुख बाहेर राहील. उत्तम कारागीर पायाच्या किंवा शेपटीच्या वळणातील फटीतूनच दोरी ओवून घेतो. क्योतोचा तोमोतादा बैलांसाठी इतका नावाजला की त्याच्या कामाच्या नकलाही विपुल झाल्या. कित्येक नकलांत केसांची रेघ साधते, पण बसलेल्या देहाचे वजन साधत नाही. वाघाची गोष्ट निराळी. तो जपानी अरण्यात नव्हताच. चित्रे आणि कातडी पाहून कोरलेला हा वाघ पुष्कळदा मांजराचा थोरला भाऊ वाटतो, आणि तरीही तो मोहक असतो.

संकेत व आकार यांची खरी गाठ तीन माकडांत पडते. 'मिझारु', 'किकाझारु', 'इवाझारु', म्हणजे न पाहणे, न ऐकणे, न बोलणे. यांतील '-झारु' हा नकारवाचक प्रत्यय. 'सारु' म्हणजे माकड, आणि समासाच्या उत्तरपदी 'स' चा घोष 'झ' होतो. हा श्लेष निक्को येथील प्रसिद्ध काष्ठशिल्पातही आहे. नेत्सुकेत मात्र त्यास दुसरे बळ मिळते: डोळे, कान, तोंड झाकण्यासाठी हात देहाशी आवळले जातात, आणि गुंडीस हवा असलेला आटोपशीर आकार आपोआप सिद्ध होतो.

१८६८ नंतर पाश्चात्य पोशाख रुळला, त्याबरोबर खिसेही आले. नेत्सुके युरोपातील संग्राहकांच्या काचकपाटांत गेली आणि छिद्रे हळूहळू केवळ औपचारिक उरली. ओसाकाच्या काइग्योकुसाई मासात्सुगु (१८१३–१८९२) याच्यासारख्याने त्या काळातही घडण सैल होऊ दिली नाही. इतरांचे प्राणी मात्र पाय पसरून उभे राहू लागले. संग्रहसूचींत अद्यापि बहुधा समोरच्या बाजूचे एकच छायाचित्र छापतात. दुमडलेले पाय, छिद्रे आणि पुष्कळदा कारागिराची सही असते ती खालच्या बाजूस.