‘माणसं टिकत नाहीत’: एका तक्रारीचं परीक्षण



मागच्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि मग शहाण्यासारखा वडिलांच्या धंद्यात शिरला. (हशा) अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. चहा झाला, आणि तो म्हणाला, “सर, सूत मिळतं, ऑर्डर मिळते, धावपळ केली तर कर्जही मिळतं. पण माणसं टिकत नाहीत.” या दुखण्यावर उपाय म्हणून तो ‘नेतृत्व आणि मनुष्यबळ विकास’ अशा दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आला होता. तिथे मिळालेली फाइल त्याने आमच्यासमोर ठेवली. म्हणाला, “वाचून सांगा, यात चुकतंय काय.”

आम्ही ती वाचली. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या चाळीस पानी फाइलीचं परीक्षण आहे असं समजा. कादंबऱ्यांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात. मग ज्या मजकुरावर हजारो माणसांचं आयुष्य चालवलं जातं, त्याचं का होऊ नये?

पहिल्याच पानावर ठळक अक्षरात वाक्य आहे: ‘माणसं हीच आमची सर्वांत मोठी संपत्ती.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते कानाला गोडच लागतं. पण जरा थांबून बघू. संपत्ती म्हटलं की तिचा मालक आला. संपत्ती मोजता येते, गहाण टाकता येते, भाव पडला की काढून टाकता येते. आणि मुख्य म्हणजे, संपत्ती काही बोलत नाही. तिजोरीतलं सोनं कधी म्हणत नाही की शेठजी, तुमचं चुकतंय. म्हणजे ज्या वाक्यात माणसाचा गौरव करायचा होता, त्याच वाक्यात त्याचं तोंड बंद करून टाकलंय.

इथे कुणी म्हणेल, प्राध्यापकांना शब्दांचा कीस काढायची सवयच असते. असते, कबूल. पण कांटने १७८५ साली नीतिशास्त्राच्या पायाभरणीचा ग्रंथ लिहिला, त्यात सगळं वजन एका छोट्या शब्दावर आहे: ‘केवळ’. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. आता धंद्यात माणूस साधन असतोच. मालक विणकराचा उपयोग करून घेतो, विणकरही मालकाचा करून घेतो. त्यात पाप नाही. प्रश्न इतकाच, की साधन असण्यापलीकडे त्या माणसाचं काही शिल्लक राहतं का? त्याचं मत, त्याचा निर्णय, त्याचा नकार यांना कुठे जागा आहे का?

या प्रश्नासाठी आपल्याला सोलापूर सोडून कुठे जायची गरज नाही. आपली जुनी गिरणी आठवा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये, म्हणजे प्रजासत्ताक व्हायला थोडेच दिवस उरले असताना, केंद्र सरकारने या एका कंपनीसाठी खास वटहुकूम काढला आणि तिचा कारभार हातात घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. त्या वटहुकुमाच्या प्रस्तावनेत कारण दिलंय ते गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांचं. कामगार आळशी आहेत असं तिथे म्हटलेलं नाही, बरं का. बोट दाखवलंय ते चालवणाऱ्यांकडे.

हे प्रकरण भागधारकांनी सर्वोच्च न्यायालयात नेलं. चिरंजितलाल चौधरी यांची याचिका १९५० मध्ये फेटाळली गेली. पण १९५३ च्या डिसेंबरमध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या बाजूने निकाल लागला, की मोबदला न देता मालमत्तेचा ताबा घेणं घटनेत बसत नाही. आजही कायद्याचे विद्यार्थी हे निकाल अभ्यासतात. आमचं कुतूहल वेगळं आहे. या सगळ्या कज्जात कामगार कुठे आहे? त्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख आहे, तो असा की समाजाच्या एका घटकात गंभीर बेकारी उद्भवली आहे. ‘एक घटक’! भोंग्यावर आपलं घड्याळ लावणारं अर्धं शहर, त्याला म्हणायचं एक घटक. ज्याच्याकडे भाग होता त्याला नाव मिळालं, वकील मिळाला, निकाल मिळाला. ज्याच्याकडे फक्त हात होते, तो आकडाच राहिला. न्यायालयाची यात चूक नव्हती. त्याच्यापुढे प्रश्नच मालमत्तेचा होता. पण ‘माणसं ही संपत्ती’ हे वाक्य वाचलं की आम्हाला हे आठवतं. संपत्तीचा वाद होतो तेव्हा मालक बोलतो, संपत्ती बोलत नाही.

आता गिरणीच्या आत जाऊ. गिरणीत नेता कोण होता? मालक नव्हे, मॅनेजरही नव्हे. कामगाराच्या लेखी नेता म्हणजे जॉबर. भरती तोच करायचा, काम तोच शिकवायचा, खाडा झाला तर बदली तोच लावायचा, अडीनडीला उचल द्यायचा आणि मनात आलं तर काढूनही टाकायचा. भरतीसाठी दस्तुरी घ्यायचा, हेही सर्वांना ठाऊक होतं. व्हिटली आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरने, १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि भरतीचे अधिकार जॉबरच्या हातून काढावेत असं सुचवलं. ते योग्यच होतं. जॉबरच्या आठवणीने डोळे ओले करण्याचं काही कारण नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. जॉबरकडे सत्ता होती आणि ओळखही होती. कुणाची बायको बाळंतीण आहे, कुणाचा हात चांगला आहे, कुणाला दारूचं व्यसन लागतंय, हे त्याला माहीत असे. त्या ओळखीचा तो गैरवापर करी, हेही खरं. आधुनिक व्यवस्थापनाने काय केलं? सत्ता ठेवली, ओळख काढून टाकली. आता भरती ठेकेदार करतो, हजेरी यंत्र घेतं, मूल्यमापन एक तक्ता करतो. आणि मग तुटलेली ओळख परत जोडण्यासाठी कार्यशाळा घ्यावी लागते! त्या फाइलीच्या सतराव्या पानावर सूचना आहे: ‘कर्मचाऱ्याशी बोलताना त्याचं नाव किमान तीनदा घ्या.’ (हशा) हसू नका, छापलंय तसं. पुढे आहे, ‘तो बोलत असताना मान हलवा.’ ऐकावं असं कुठे म्हटलेलं नाही. ऐकतोय असं दिसावं, इतकंच.

अमेरिकेत डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थापकांची दोन गृहीतकं मांडली. एक, माणूस मुळात कामचुकार असतो, त्याला धाकात ठेवावं लागतं. दुसरं, माणसाला काम हवं असतं, जबाबदारीही हवी असते. परिस्थिती तशी ठेवली तर तो ती घेतो. पहिल्याला ते एक्स म्हणाले, दुसऱ्याला वाय. आज प्रत्येक कार्यशाळेत वायचा जयजयकार असतो. या फाइलीतही आहे. पण नीट वाचलं तर असं दिसतं, की वायची भाषा वापरून एक्सचा कारभार चालवायचा, अशी ही युक्ती आहे. धाक तोच, फक्त मान डोलवून.

सिमोन वेइल नावाची फ्रेंच तत्त्वज्ञ १९३४-३५ मध्ये शिक्षिकेच्या कामातून रजा घेऊन पॅरिसच्या कारखान्यांत यंत्रावर उभी राहिली. शरीराचे हाल तिने सोसलेच. पण तिला जास्त जाचलं ते हे, की तिथे विचार करणं हाच अडथळा ठरतो. वेग गाठायचा तर डोकं बंद ठेवावं लागतं. आम्हाला वाटतं, माणूस घडवण्याचा प्रश्न नेमका इथे आहे. ज्या कामात डोकं चालवायला जागाच नाही, त्या कामात माणूस घडणार कसा? आणि जागा द्यायची तर कुणाला तरी आपली थोडी जागा सोडावी लागते. चाळीस पानांत सगळं आहे, हे सोडणं तेवढं नाही. ‘पगार’ हा शब्दही एकदाही नाही, हे जाता जाता सांगतो.

आम्ही विद्यार्थ्याला विचारलं, “गेल्या वर्षी सोडून गेलेला तुझा सर्वांत चांगला माणूस कोण?” तो जरा वेळ गप्प बसला. मग सांगू लागला. पूर्व भागातले एक पद्मशाली गृहस्थ, वडिलांच्या वेळेपासूनचे. लहानपणी घरी आईशेजारी बसून कांड्या भरत, तिथेच माग शिकले. मागाच्या नुसत्या आवाजावरून सांगत की आता धागा तुटणार. कारखान्यात नवे, धोटा नसलेले माग आले तेव्हा कंपनीच्या प्रशिक्षणाला याने सुपरवायझरला पाठवलं. तो मुलगा डिप्लोमावाला, वर्षभरापूर्वी लागलेला. अण्णांना कुणी विचारलं नाही. दोन-तीनदा ते म्हणाले, “मालक, ताण जास्त ठेवलाय, सूत तेवढं सोसत नाही.” याने ऐकून घेतलं, म्हणजे मान हलवली. दिवाळीनंतर अण्णा आलेच नाहीत. शेजारच्याच रस्त्यावर दुसऱ्या कारखान्यात लागले, त्याच दराने.

त्याच दराने! इथे आमचा विद्यार्थी स्वतःच थांबला.

पाहा, सोलापूरच्या उद्योगाला कौशल्य फुकट मिळालं. ते घराघरांत, हातमागाच्या खड्ड्याशेजारी, आईबापांनी शिकवलं; त्याचा खर्च कुठल्याच ताळेबंदात नाही. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. शहराचं नाव जपलं गेलं, आनंद आहे. पण फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही म्हणतात, तसं झालं. आता त्या घरातली मुलं पुण्याला जातात. तिथे बारा तास काम करतात, खोलीत चौघं राहतात. पण ‘मागावर जाणार नाही’ म्हणतात. हा आळस आहे का? बापाचं ज्ञान कुणी विचारलं नाही, हे त्या मुलांनी रोज संध्याकाळी घरात पाहिलेलं असतं.

मालकाची बाजूही मांडली पाहिजे. लहान कारखानदाराची अडचण खरी आहे. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचं बिल नाही, परदेशी गिऱ्हाईक नाही. दर महिन्याला पगार भागवताना त्याच्या तोंडाला फेस येतो. त्याला ‘सत्ता सोडा’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला हात सोड म्हणण्यासारखं वाटेल. पण मशीनच्या ताणाविषयी जाणत्या माणसाचं ऐकायला काही विजेचं बिल वाढत नाही. वाढतो तो फक्त एक धोका: आपलं चुकलं होतं हे चारचौघांत दिसण्याचा. तो धोका पत्करणं, यालाच आम्ही नेतृत्व म्हणू.

चांगल्या उदाहरणांकडेही सावधपणेच पाहावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. प्रमाणपत्र नसलेल्या माणसांवर मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या, आणि ती माणसं वाढली. हे मोठंच काम. पण अशा वसाहतीत मालक बाप होतो. बाप प्रेमाने वाढवतो, हे खरं. वाढलेल्या मुलाचं ‘नाही’ मात्र सगळ्याच बापांना पचत नाही. माणूस घडवणं हे उपकाराच्या नात्यात अर्धंच होतं. उरलेलं अर्धं घडतं ते घडलेल्या माणसाने आपल्याला सुधारलं तर.

हे सगळं आम्ही उंचावर बसून बोलतोय असं वाटू नये, म्हणून एक सांगतो. आम्ही काही वर्षं विभागप्रमुख होतो. त्या काळी हाताखालच्या प्राध्यापकांचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. एका तरुण सहकाऱ्याच्या अहवालात ‘नेतृत्वगुण’ या रकान्यात आम्ही सलग तीन वर्षं ‘साधारण’ लिहिलं. त्यांच्या वर्गाबाहेर एकदाही उभे राहिलो नाही. अभ्यासक्रमातली एक चूक त्यांनी बैठकीत दाखवली होती, ती आम्हाला झोंबली होती, बस, एवढंच. ते दुसरीकडे गेले, आणि आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो, “हल्ली माणसं टिकत नाहीत.” तर मित्रहो, ही तक्रार आम्हीही केलेली आहे. तेव्हा ती कामगाराविषयी काही सांगते असं आम्हाला वाटायचं. आज वाटतं, ती बहुतेक वेळा बोलणाराविषयीच सांगते.

फाइल परत करताना विद्यार्थ्याने विचारलं, “मग सर, उपाय?” उपायाचं चाळीस पानी पुस्तक आमच्याकडे नाही. एक प्रश्न आहे, तो शनिवारी संध्याकाळी स्वतःला विचारायचा: या आठवड्यात हाताखालच्या कुणी ‘तुमचं हे चुकतंय’ असं मला सांगितलं का, आणि त्यामुळे मी काय बदललं? उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर आपण निर्दोष आहोत असा अर्थ काढू नये. लोकांनी सांगणं सोडून दिलंय, असा काढावा. सांगणं सोडलेला माणूस अर्धा निघून गेलेलाच असतो.

परवा विद्यार्थ्याचा फोन आला होता. अण्णांना भेटून आला म्हणे. ते परत आलेले नाहीत, येतील असंही दिसत नाही. पण ताण किती ठेवायचा ते त्यांनी सांगितलं, आणि याने तो बदलला.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा. आमचं चुकत असेल तर आधी ते सांगा.