लाळेतील सूक्ष्म पिशव्या आणि आपली घाई

पचनसंस्थेचा धडा शिकवताना लाळेच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: लाळेतील विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. अलीकडे ह्या वाक्याला एक नवी पुरवणी जोडली जाऊ लागली आहे. लाळेत अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्या जठरातील आम्लातून सुखरूप पार पडतात आणि पेशींचे ‘निरोप’ आतड्यापर्यंत पोचवतात, असे सांगितले जाते. ह्यातील पहिला भाग पक्का आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा अजून सिद्ध व्हायचा आहे. तिन्ही भाग एकाच दमात सांगण्याला आमची हरकत आहे.

प्रथम पक्के काय ते पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी स्वतःभोवतीच्या द्रवात मेदाच्या दुहेरी थराने वेढलेल्या इवल्या पिशव्या सोडतात. त्यांतल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात. 1983 साली रक्तातील तांबड्या पेशी पक्व होताना नको असलेली प्रथिने अशा पिशव्यांतून बाहेर टाकतात, हे दिसून आले. एक्झोसोम हे नाव 1987 सालचे. बरीच वर्षे ही पेशीची केराची टोपली समजली जात असे. 2007 साली स्वीडनमधील संशोधकांना ह्या पिशव्यांत आरएनए सापडले आणि केराच्या टोपलीची एकाएकी टपालाची थैली झाली. आकार म्हणाल तर 30 ते 150 नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा सुमारे हजार पिशव्या ओळीने मावतील.

मानवी लाळेतही त्या आहेत. 2008 साली जपानी संशोधकांनी लाळेतील अशा पिशव्यांवर डायपेप्टिडिल पेप्टिडेज-4 नावाचे विकर असल्याचे दाखवले. प्रथिनसाखळीच्या टोकाकडून दुसऱ्या जागी प्रोलीन किंवा अॅलानीन हे अमिनो आम्ल असेल, तर हे विकर टोकाची जोडी कापून काढते. मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ वर्गातील गोळ्या, उदाहरणार्थ सिटाग्लिप्टिन, ह्याच विकराला रोखतात. आपण दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो. तेव्हा तिच्यातल्या पिशव्यांचे पुढे काय होते हा प्रश्न रास्तच आहे, आणि पचनमार्गासारख्या परिस्थितीत त्या कितपत टिकतात हे तपासणारे काम 2021 साली प्रसिद्धही झाले आहे.

आता वाटेतील अडथळे पाहू. जठरात आम्ल आणि पेप्सिन असते. पेप्सिन प्रथिने कापते, मेद नव्हे. म्हणून पिशवीबाहेर डोकावणारी प्रथिने छाटली गेली, तरी पिशवी लगेच फुटेलच असे नाही. खरी कसोटी पुढे, लहान आतड्यात. तेथे पित्तक्षार असतात व ते साबणासारखे काम करतात. भांड्यावरचा तेलकटपणा साबणाने सुटतो त्याच न्यायाने मेदाची भिंत पित्तक्षारांनी विरघळू शकते. शिवाय स्वादुपिंडातील रसात मेदाचे रेणू तोडणारी विकरे असतात. म्हणजे ‘आम्लातून वाचली’ ह्याचा अर्थ ‘पचनातून वाचली’ असा होत नाही. लोकप्रिय लेखनातील पहिली चूक ही.

दुसरी चूक काचनळीला पोट समजण्याची. पचनाची प्रयोगशाळेतील नक्कल सर्वांनी एकाच रीतीने करावी म्हणून 2014 साली एक आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली व 2019 साली ती सुधारण्यात आली. तिच्यात तोंडाचा टप्पा 2 मिनिटांचा, जठराचा 2 तासांचा व सामू 3, आणि आतड्याचा 2 तासांचा व सामू 7 असतो. निष्कर्षांची तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे. पण आपल्या जठराचा सामू दोन तास एकाच आकड्यावर राहत नाही. उपाशीपोटी तो 2 च्या आसपास किंवा खाली असतो, ज्वारीची भाकरी व वरण पोटात गेले की वर चढतो आणि मग हळूहळू उतरतो. नळीत आतड्याचे अस्तर नसते, त्यावरील श्लेष्म्याचा थर नसतो, जिवाणू नसतात.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. विकराची क्रिया शिल्लक राहिली म्हणून पिशवी शाबूत राहिली असे म्हणता येत नाही. विकर भिंतीपासून सुटूनही काम करू शकते. पिशवी शाबूत आहे हे सांगायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखा वेगळा पुरावा लागतो. आणि पिशवी शाबूत पोचली, तरी तिने तेथे काही केले हे आणखी वेगळेच सिद्ध करावे लागते. आतड्याच्या अस्तरावर डायपेप्टिडिल पेप्टिडेज-4 मुळातच विपुल असते. नदीला पूर आला असताना वरून ओतलेल्या तांब्याभर पाण्याचा हिशेब कसा मांडायचा? लाळेवरून थेट मधुमेहापर्यंत उडी मारणाऱ्यांनी ह्याचे उत्तर आधी द्यावे.

हा इशारा उगाच नाही. दुधातील पिशव्यांची कथा पाहा. मानवी दुधातील एक्झोसोम व त्यांतील सूक्ष्म आरएनए काचनळीतील पचनातून टिकतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात, असे 2017 साली प्रसिद्ध झाले. पण 2015 साली झुरिक येथील संशोधकांनी जिवंत प्राण्यातच परीक्षा घेतली होती. विशिष्ट सूक्ष्म आरएनए स्वतः बनवू न शकणारी उंदरांची पिल्ले त्यांनी निरोगी माद्यांच्या दुधावर वाढवली. दुधातील आरएनए पिल्लांच्या आतड्याने शोषल्याचा पुरावा मिळाला नाही. तांदळातील सूक्ष्म आरएनए माणसाच्या रक्तात पोचते, हा चीनमधून 2012 साली आलेला गाजलेला दावाही पुढच्याच वर्षी इतरांच्या फेरतपासणीत टिकला नाही. नळीत दिसते ते प्राण्यात दिसेलच असे नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

दुसऱ्यांच्या चुका दाखवताना आमचीही एक नोंदवली पाहिजे. नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर येथे शिक्षक व वरच्या वर्गातील मुलांसमोर आम्ही लाळेचा नेहमीचा प्रयोग केला. भाताची पातळ पेज, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब, निळा रंग. लाळ घातली की रंग हळूहळू जातो. जठरातील आम्ल दाखवण्यासाठी दुसऱ्या नळीत लाळेबरोबर लिंबाचा रस घातला. आम्लात विकर बंद पडेल व निळा रंग टिकेल, असे आम्ही आधीच सांगून बसलो होतो. रंग क्षणात नाहीसा झाला! आम्ही काही सबब सांगणार तोच एका मुलीने विचारले, “सर, लाळ न घालता नुसतं लिंबू पिळून बघायचं का?” पाहिले. तरीही रंग गेला. लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचे रंगहीन आयोडाइड करते. लाळेचा तेथे संबंधच नव्हता. लिंबाऐवजी पांढरे व्हिनेगर वापरले, ते आधी लाळेत मिसळून मग पेज घातली, तेव्हा निळा रंग टिकला.

त्या मुलीने मागितली ती तुलनेची नळी. लाळेतील पिशव्यांविषयी काही वाचाल तेव्हा हीच मागणी करा. पिशव्या नसलेल्या लाळेचे काय झाले? नुसते आम्ल, नुसते पित्त घातल्यावर काय झाले? प्रयोग नळीत झाला की जिवंत प्राण्यात? ह्या तीन प्रश्नांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मग वर्गात सांगायचे काय? लाळेत विकरे आहेत, तशा सूक्ष्म पिशव्याही आहेत, हे निःशंक सांगावे. घास जठरात गेल्याबरोबर लाळेचे काम थांबते असे मात्र सांगू नये. घासाच्या आतपर्यंत आम्ल मुरेपर्यंत पिष्टाचे पचन चालूच राहते. पिशव्या काही काळ टिकू शकतात, पण त्या आतड्यात काय करतात हे संशोधनाधीन आहे, असे सांगावे. ‘संशोधनाधीन आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहायला आपण शिक्षक आणि संशोधक दोघेही संकोचतो. इस्लापूरच्या त्या नळीने आमचा संकोच बराच कमी केला. त्या दिवशी आमचे उत्तर चुकले, म्हणूनच मुलांना प्रश्न कसा विचारावा हे पाहायला मिळाले.