कुठवर पोचायचं नाही

मोबाइलच्या टॉवरकडे रसिकतेने कोणी बघत नाही. सोसायटीच्या सभेत त्याचा विषय निघतो तो गच्चीच्या भाड्यावरून, नाहीतर रेडिएशनच्या भीतीवरून. एरवी रेंज गेली की चार शिव्या, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. मला मात्र हा टॉवर, म्हणजेच बेस स्टेशन, ही गेल्या शतकातली अव्वल दर्जाची रचना वाटते. आपला आवाज कुठवर पोचू द्यायचा नाही हे तिला फार नेमकं कळतं, आणि मोबाइलचं सगळं जाळं त्या एका जाणिवेवर उभं आहे.

ही जाणीव नसली तर काय होतं, ते आधी बघू. 17 जून 1946 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेल कंपनीने मोटारीतून फोन करायची सेवा सुरू केली. गाडीत ठेवायचं यंत्र सुमारे 36 किलोचं. शहरात उंच जागी एक दणकट प्रक्षेपक, त्यानेच सगळ्या शहराला पुरायचं, आणि नंबर जोडून द्यायला ऑपरेटर. आवाज सगळीकडे पोचायचा, तक्रार तिथे नव्हती. पण एका चॅनेलवर एक जण बोलायला लागला की तो चॅनेल अख्ख्या शहरासाठी संपला. पुढे तीस वर्षांनी, 1976 मध्ये, न्यू यॉर्कमधल्या याच धाटणीच्या सेवेत 12 चॅनेल होते, ग्राहक 543, आणि प्रतीक्षा यादीत 3,700 हून जास्त लोक. प्रक्षेपक जितका ताकदवान, तितका तो जास्त लोकांची वाट अडवायचा.

यावरचा उपाय खरं तर 1947 मध्येच कागदावर आला होता. त्या वर्षी 11 डिसेंबरला बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. सहकारी रे यंग यांचा त्यात मोठा हातभार होता. (त्याच संस्थेत पाच दिवसांनी पहिला ट्रान्झिस्टर चालला, त्यामुळे त्या डिसेंबरच्या इतिहासात या टिपणाला कोणी विचारत नाही.) कल्पना अशी: एका मोठ्या प्रक्षेपकाऐवजी पुष्कळ छोटे ठेवा, प्रत्येकाला थोडीशीच जमीन द्या, आणि पुरेशा अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. जमिनीचे हे तुकडे, म्हणजेच सेल, षटकोनी पाडले. वर्तुळं शेजारी मांडली तर मध्ये फटी राहतात. फटी न ठेवता बसणारे नियमित आकार तीनच: त्रिकोण, चौकोन, षटकोन. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर तेवढंच ठेवलं, तर त्रिकोणात त्या अंतराच्या वर्गाच्या 1.3 पट जमीन मावते, चौकोनात 2 पट आणि षटकोनात 2.6 पट. म्हणजे तेवढ्याच टॉवरमध्ये सर्वांत जास्त मुलूख. सात षटकोनांचा गट करून फ्रिक्वेन्सी वाटल्या, तर एका षटकोनातली फ्रिक्वेन्सी पुन्हा भेटते ती त्याच्या त्रिज्येच्या 4.58 पट अंतरावर, तोवर तिचा जोर ओसरलेला असतो. गर्दी वाढली तर त्रिज्या निम्मी करायची. त्याच जमिनीवर चौपट षटकोन बसतात आणि चौपट लोक बोलू शकतात.

सरकारकडून फ्रिक्वेन्सी मिळायला आणि यंत्रं त्या लायकीची व्हायला पुढे बराच काळ गेला. शिकागोत या कल्पनेवरची सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली 13 ऑक्टोबर 1983 रोजी. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला.

षटकोन अर्थातच कागदावरचा. सह्याद्रीची एखादी सोंड आडवी आली की त्याच्या चिंधड्या होतात. प्रत्यक्षात हद्द आखायचं काम करतं ते टॉवरवरचं पॅनेल, आणि माझं मन खरं रमतं ते इथे. राखाडी-पांढरा, माणसाच्या उंचीचा, अरुंद उभा खोका. सहसा एका साईटवर तीन दिशांना तीन. प्रत्येकाच्या वाट्याला 120 अंश, एकेक सेक्टर. पॅनेलच्या आत छोट्या अँटेनांची उभी रांग असते, आणि त्या रांगेमुळे लहरींचा झोत आडवा रुंद पण उभा अगदी चपटा होतो, साधारण सहा-सात अंशांचा. हा चपटा झोत क्षितिजाकडे सोडून दिला तर तो शेजाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन धुडगूस घालेल. म्हणून पॅनेलला मान खाली घालायला लावतात. त्याला या धंद्यातले लोक टिल्ट म्हणतात.

टिल्टचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. पॅनेल 30 मीटर उंचीवर असेल आणि टिल्ट 6 अंश, तर सपाट जमिनीवर झोताचा मध्य टेकतो सुमारे 285 मीटरवर. टिल्ट 2 अंश केला की तोच मध्य जातो 860 मीटरवर. चार अंशांत हद्द तिप्पट! लॅपटॉप आणि फोन घेऊन गाडीतून गल्लोगल्ली ड्राइव्ह टेस्ट करत फिरणारी पोरं दिवसभर जे शोधत असतात, त्यात हेही असतं: कुठला सेक्टर आपली हद्द ओलांडून दुसऱ्याच्या वस्तीत ऐकू येतोय. तो सापडला की त्याची मान आणखी एक-दोन अंश खाली.

जागेतलं आवरणं झालं. वेळेतलं आवरणं याहून सरस आहे, आणि ते बघायला 2जी म्हणजे जीएसएमइतका चांगला नमुना नाही. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी 577 मायक्रोसेकंदांची, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये कोरी जागा जेमतेम 30 मायक्रोसेकंदांची. आता अडचण बघा. टॉवरपासून 10 किलोमीटरवरच्या फोनपर्यंत टॉवरचा इशारा पोचायला 33 मायक्रोसेकंद लागतात, फोनचं उत्तर परत यायला आणखी 33. म्हणजे फोनने वेळ अचूक पाळली तरी त्याचं बोलणं 66 मायक्रोसेकंद उशिरा पोचून पुढच्याच्या पाळीवर चढणार. उपाय म्हणून टॉवर त्याला एक आकडा देतो: तू 18 पायऱ्या आधी बोलायला लाग. एक पायरी म्हणजे 3.69 मायक्रोसेकंद, अंतरात सुमारे 550 मीटर. पायऱ्या 0 ते 63. म्हणून जीएसएमच्या साध्या सेलची कमाल हद्द 35 किलोमीटर; त्यापलीकडे टॉवरला फोन ऐकू आला तरी त्याला देण्याजोगा आकडाच नाही.

पण पहिल्या हाकेचं काय? फोनने अजून तोंडच उघडलेलं नाही, तो किती लांब आहे हे टॉवरला ठाऊक नाही, त्यामुळे त्याला आकडा कुठला मिळणार? इथे या रचनेच्या कर्त्यांनी जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. पहिली हाक त्यांनी मुद्दाम आखूड ठेवली. पाळी 577 मायक्रोसेकंदांची, हाक फक्त 325 ची. उरलेले 252 मायक्रोसेकंद फोनने गप्प बसायचं. हाक 35 किलोमीटरच्या हद्दीत कितीही लांबून, कितीही उशिरा आली, तरी ती या मोकळ्या जागेत सामावते आणि पुढच्या पाळीला धक्का लागत नाही. ती किती सरकून आली ते मोजून टॉवर आकडा कळवतो, आणि मगच पूर्ण लांबीचं बोलणं सुरू होतं. पद्याच्या ओळीतली यती जशी विरामासाठी राखलेली असते, तसे हे 252 मायक्रोसेकंद अज्ञात अंतरासाठी राखलेले आहेत.

आवाजाच्या पट्टीचंही तेच. जवळ आलेल्या फोनला टॉवर सतत पट्टी उतरवायला सांगतो. 900 मेगाहर्ट्झवरचा साधा जीएसएम फोन 2 वॉटपासून सुमारे 3 मिलिवॉटपर्यंत खाली येऊ शकतो. टॉवर लांब हलवा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी: टॉवर लांब गेला की कानाशी धरलेला फोन जास्त जोराने बोलायला लागतो.

धावत्या गाडीतला कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो त्या हँडओव्हरचं कौतुक सगळेच करतात, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. त्याचं महत्त्वाचं पेटंट बेल लॅब्जच्याच अमोस जोएल यांचं, 1972 सालचं. जीएसएममध्ये कॉल चालू असताना फोन दर 480 मिलिसेकंदांनी चाळणीतून निवडलेल्या सहा शेजारी टॉवरांची खबर देत असतो. मला आवडते ती यातली दिरंगाई. शेजारी किंचित वरचढ झाला म्हणून लगेच उडी मारायची नाही. तो ठरलेल्या फरकाने वरचढ असला पाहिजे. हा फरक ठेवला नाही, तर हद्दीवर उभा असलेला फोन इकडून तिकडे टोलवला जात राहील.

हद्दींच्या या शिस्तीतून निसटायचं असेल तर गडावर जावं. माथ्यावर फोनच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि तरीही कॉल लागत नाही, हा ट्रेकला जाणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. तिथून घाटावरचे आणि तळकोकणातले कितीतरी टॉवर थेट नजरेच्या टप्प्यात येतात. त्यांनी माना खाली घातल्या आहेत त्या पायथ्याच्या गावांसाठी. माथ्यावर सगळ्यांचा आवाज एकदम येतो, एकाचाही वेगळा ठसठशीत येत नाही.

4जीमध्ये शेजारी टॉवर एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे सात षटकोनांची वाटणी मागे पडली. 5जीचं पॅनेल तर झोत बारीक करून एकेका फोनकडे वळवू शकतं. पण आगाऊ बोलण्याचा आकडा दोन्हींत टिकून आहे. 4जीमध्ये त्याची पायरी 550 वरून 78 मीटरवर आली आहे, आणि पहिल्या हाकेनंतरची कोरी जागाही शाबूत आहे. या सगळ्या कारागिरीत मी पहिला नंबर त्या कोऱ्या जागेला देईन, षटकोनाला दुसरा.

बघायला मात्र टिल्टच सोपा. रस्त्यात एखाद्या गच्चीवर पॅनेल दिसलं तर खांबाशी त्याचा कोन निरखून बघा. ते अगदी ताठ उभं असेल तर फसू नका: आतल्या अँटेनांना मिळणाऱ्या लहरी थोड्या मागेपुढे करूनही झोत खाली वाकवता येतो, आणि तसं असेल तर पॅनेलच्या बुडाशी एक छोटी मोटर आणि तिची केबल बहुधा दिसेल.